बंद कोणी करायचं?

लॉग या शब्दाचा मूळ अर्थ ओंडका. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी लाकडाची फळी गाठी मारलेल्या दोरीला बांधून समुद्रात टाकत. ठरलेल्या वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजून जहाजाचा वेग काढत आणि तो एका वहीत लिहून ठेवत. ती वही म्हणजे लॉगबुक. पुढे त्या वहीत वारा, दिशा, दुखणी, अपघात असं सगळंच यायला लागलं. जहाजावर काही आक्रीत घडलं की चौकशीत आधी ही वही मागवली जाई.

सॉफ्टवेअरचा लॉगही असाच पुरावा असतो. तुमच्या फोनवरून पैसे गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर मध्ये काय झालं हे सांगणारा साक्षीदार म्हणजे कुठल्यातरी सर्व्हरवरच्या लॉगमधल्या चार ओळी. फरक एवढाच, की जहाजाच्या वहीत एका वेळी एकच माणूस लिहायचा. आमच्या वहीत पन्नास जण एकदम लिहीत असतात. मग एकाचं काम संपलं की वही त्याने मिटायची का?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात बेल लॅब्जमध्ये होते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९मध्ये युनिक्सवर काम सुरू केलं. युनिक्समध्ये प्रोग्रॅमने फाइल उघडली की त्याला एक साधा आकडा मिळतो, आणि पुढचं लिहिणं-वाचणं त्या आकड्याच्या आधारे चालतं. यातले तीन आकडे प्रोग्रॅमला आयते मिळतात: ० म्हणजे आत येणारा मजकूर, १ म्हणजे बाहेर जाणारा आणि २ म्हणजे चुकांचे निरोप. हा २ सुरुवातीला नव्हता. चुकांचे निरोपही १वरूनच जात. बेल लॅब्जमधले स्टीफन जॉन्सन यांनी त्याची गंमत सांगितली आहे. तिथे फोटोटाइपसेटर नावाचं यंत्र होतं, ते मजकूर फोटोच्या कागदावर उमटवायचं आणि मग तो कागद रसायनात धुवावा लागायचा. एवढा खटाटोप करून हातात यायचा तो सुबक अक्षरांत छापलेला 'फाइल उघडता आली नाही' अशा अर्थाचा निरोप! असे काही कागद वाया गेल्यावर चुकांसाठी वेगळी वाट काढली गेली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की हे तीन आकडे प्रोग्रॅमने स्वतः उघडलेले नसतात. ते त्याला उघडेच मिळतात, आणि तेच त्याच वेळी इतरांकडेही असू शकतात. १९७३मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला. एकाचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट. इथे 'लिहिणं संपलं' हे वाचणाऱ्याला कधी कळतं? लिहिणाऱ्या सगळ्यांनी आपापलं टोक बंद केल्यावर. त्यासाठी युनिक्सचा कर्नल एक हिशोब ठेवतो: ही उघडी फाइल किती जणांच्या हातात आहे. कोणी क्लोज म्हटलं की आकडा एकाने कमी होतो. शून्य झाला की फाइल खरोखर बंद.

अभ्यासिकेत पाटी असते, 'शेवटी जाणाऱ्याने दिवे बंद करावेत'. कर्नलचा नियम तोच आहे. फक्त शेवटी कोण जातंय हे मोजायला दारावर एक माणूस बसवलेला आहे. मोजण्याची ही युक्ती युनिक्सहूनही जुनी. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६०मध्येच मेमरीतल्या सामायिक याद्या कधी पुसायच्या हे ठरवण्यासाठी ती मांडली होती.

बंद करण्यात आणखी एक खाच आहे. युनिक्स नवीन फाइलला सगळ्यात लहान मोकळा आकडा देतं. म्हणजे एखाद्याने २ बंद करून ठेवला, तर पुढे उघडलेल्या फाइलला २ मिळू शकतो. बाकीच्या कोडला याचा पत्ता नसतो. ते आपल्या चुकांचे निरोप २वर लिहीत राहतं, आणि ते भलत्याच फाइलमध्ये जाऊन पडतात. हा नुसता गोंधळ नव्हता. मुद्दाम २ बंद करून जास्त अधिकाराचा प्रोग्रॅम चालवायचा, त्याने एखादी संरक्षित फाइल उघडली की तिला २ मिळतो, मग त्याच्याकडून चूक करवून घ्यायची. आपल्याला हवा तो मजकूर त्या फाइलमध्ये! एप्रिल २००२मध्ये फ्रीबीएसडीला यावर सुरक्षेची सूचना काढावी लागली. उपाय असा केला, की अशा प्रोग्रॅमचे पहिले तीन आकडे मोकळे दिसले तर कर्नलच तिथे डेव्ह-नल जोडतो. डेव्ह-नल म्हणजे तळ नसलेली बादली, काहीही ओता. जागा रिकामी ठेवण्यापेक्षा ती बादली बरी.

पण कर्नलचा माणूस दारावर बसतो, खोलीच्या आत नाही. एका प्रोग्रॅमच्या पोटात वीस लायब्ररी असल्या आणि सगळ्या १वरच लिहीत असल्या, तरी कर्नलला तो एकच आकडा दिसतो. त्यातल्या एकीने क्लोज म्हटलं की उरलेल्या एकोणीस जणींचा कागद गेला. लॉगिंग लायब्ररीचा प्रश्न इथे सुरू होतो.

जावामध्ये याला एक क्रूर वळण आहे. तिथे सिस्टिम.आउट नावाचा एकच प्रवाह सगळ्या प्रोग्रॅमसाठी असतो. तो ज्या प्रकारचा आहे, ते प्रिंटस्ट्रीम चुका वर कळवतच नाही. बंद झालेल्या सिस्टिम.आउटवर लिहायला गेलात तर ना एक्सेप्शन, ना इशारा. ओळ गायब, प्रोग्रॅम पुढे चालू. मी काम केलेल्या एका ठिकाणी रात्रीच्या जॉबचा लॉग रोज ठरावीक टप्प्यावर थांबायचा. जॉब मात्र नीट पूर्ण व्हायचा. कारण सापडायला चार दिवस लागले. अहवाल छापणारा एक भाग सिस्टिम.आउटला आपल्या वेष्टनात गुंडाळायचा आणि काम झालं की शिस्तीत वेष्टन बंद करायचा. बाहेरचं बंद झालं की आतलंही बंद होतं. तो कोड आळशी नव्हता, उलट पाठ्यपुस्तकात शोभेल असा होता. २०११च्या जावा ७पासून तर उघडलेलं आपोआप बंद करणारी वाक्यरचना भाषेतच आहे. सवय चांगलीच आहे, पण जे आपलं नाही त्यालाही ती लागू झाली की घात होतो.

लॉगिंग लायब्ररी लिहिणाऱ्यांनी यावर तीन उत्तरं काढली.

पहिलं उत्तर: बंदच करू नका. २००२मध्ये जावा १.४सोबत भाषेची स्वतःची लॉगिंग लायब्ररी आली. तिचा कन्सोलहँडलर 'क्लोज' म्हटल्यावर साचलेलं लिहून टाकतो आणि प्रवाह उघडाच ठेवतो. त्याच वर्षी विनय साजीप आणि ट्रेंट मिक यांनी पायथनसाठी लॉगिंगचा प्रस्ताव मांडला, आणि २००३च्या पायथन २.३मध्ये ती लायब्ररी आली. तिच्या स्ट्रीमहँडलरच्या वर्णनातच म्हटलं आहे, की हा प्रवाह बंद करत नाही, कारण तो सगळ्यांचा असू शकतो. फाइलहँडलर मात्र आपली फाइल बंद करतो, कारण ती त्याने स्वतः उघडलेली असते.

दुसरं उत्तर: ढाल. खऱ्या प्रवाहाभोवती असं वेष्टन घालायचं, की लिहिलेलं आत जाईल पण क्लोज दारातच अडेल. लॉग४जे २ कन्सोलवर लिहिताना असंच वेष्टन वापरतं.

तिसरं उत्तर: मोजा. लॉग४जेचं नाव डिसेंबर २०२१मधल्या त्या कुप्रसिद्ध सुरक्षा-भगदाडामुळे सगळ्यांनी ऐकलं, पण त्याची गोष्ट बरीच जुनी आहे. १९९६मध्ये सेम्पर या युरोपीय प्रकल्पासाठी लिहिलेल्या कोडपासून ती सुरू होते. चेकी ग्युल्जू यांनी ते वाढवलं, २००१मध्ये १.० आली आणि २०१४मध्ये जवळजवळ नव्याने लिहिलेली २.०. या दुसऱ्या आवृत्तीत फाइल थेट कोणाच्या ताब्यात नसते. मध्ये एक मॅनेजर असतो. त्याच फाइलवर दुसऱ्या कोणाला लिहायचं असेल तर नवा मॅनेजर बनत नाही, जुन्याचाच आकडा एकाने वाढतो. सोडताना कमी होतो, शून्यावर फाइल बंद. त्यामुळे सामायिक फाइलवर लिहिणाऱ्या दोन वेब-अॅप्सपैकी एक थांबवलं तरी दुसऱ्याचा लॉग चालू राहतो. आणि एवढं करूनही शेवटी बंद करण्याच्या जागी एक वेगळी तपासणी आहेच: समोरचा प्रवाह सिस्टिम.आउट किंवा सिस्टिम.एरर असेल तर हात लावू नका. म्हणजे युनिक्सच्या कर्नलने सत्तरच्या दशकात दारावर बसवलेला माणूस आता खोलीच्या आतही आला.

मोजणीला तिची दुखणी आहेत. एखादा निघताना सांगायला विसरला तर आकडा शून्यावर येतच नाही आणि फाइल कायमची उघडी राहते. एखाद्याने दोनदा सांगितलं तर आत माणसं असतानाच दिवे जातात.

मग सगळंच उघडं का ठेवू नये? कारण लिहिलेली ओळ लगेच डिस्कवर जातेच असं नाही. ती बफरमध्ये साचते, आणि बंद करताना साचलेलं बाहेर ढकललं जातं. बफर रिकामा न होता प्रोग्रॅम संपला तर शेवटच्या काही ओळी जातात. आणि नेमक्या त्याच ओळी आपल्याला हव्या असतात, कारण अपघाताआधी काय झालं ते त्यांत असतं. म्हणून पायथनची लायब्ररी प्रोग्रॅम संपताना सगळे हँडलर उलट्या क्रमाने आवरते, शेवटी आलेला आधी. ज्याच्यावर दुसरे विसंबून असू शकतात, तो जुना हँडलर मागे राहावा म्हणून.

तीनही उत्तरांच्या मुळाशी एकच फरक आहे: मी उघडलेलं आणि मला उघडं मिळालेलं. पहिलं बंद करणं माझं काम. दुसऱ्यावर साचलेलं लिहून टाकायचं आणि बाजूला व्हायचं. कोड रिव्ह्यूमध्ये क्लोज दिसला की मी आता एकच विचारतो, हे उघडलं कोणी? उत्तर त्याच फाइलमध्ये, दहा-वीस ओळी वर सापडलं तर पुढे जातो. सापडलं नाही तर तो क्लोज काढायला सांगतो.