नामविश्व (प्रोग्रॅमिंग भाषा)

नामविश्व : ज्या मर्यादेत एक नाव एकाच गोष्टीला देता येते ती मर्यादा. दोन अनोळखी माणसांनी लिहिलेली, एकाच नावाची मोड्यूल एका प्रोग्रॅममध्ये आली, तर त्यांतले कोणते हवे आहे हे कंपायलरला कळले पाहिजे. त्यासाठी नावाच्या अलीकडे ‘हे कुठले’ ते लिहिण्याची सोय भाषेत असावी लागते. त्या लिखाणाची पद्धत, म्हणजे कोणते चिन्ह वापरायचे, आधी मोठे घटक लिहायचे की लहान, आणि सर्वांत वरचे नाव कोणी द्यायचे, हा या नोंदीचा विषय आहे. भाषा वापरात येऊन लायब्रऱ्या साचल्या की ही पद्धत बदलणे फार जड जाते, म्हणून ती पहिल्या आराखड्यातच ठरायला हवी.

टपाल खात्यापुढे हाच प्रश्न होता. हेंद्रेपाडा ही वस्ती बदलापूर पश्चिमेला आहे. पण बदलापूर ठाणे जिल्ह्यात आहे तसे उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातही आहे. नुसते ‘बदलापूर’ लिहिलेले पत्र कुठे पाठवायचे, याचे उत्तर त्या नावात नाही. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन कोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. सहा आकड्यांपैकी पहिला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. उल्हासनगर 421001 पासून, अंबरनाथ 421501, बदलापूर 421503. जौनपूरकडच्या बदलापूरचा पिन 2 ने सुरू होतो, त्यामुळे पहिल्याच आकड्यावर दोन्ही गावे वेगळी पडतात. या रचनेचे बळ अधिकाराच्या वाटणीत आहे: वरचा आकडा खाते ठरवते, म्हणून कोणीही स्वतःच्या मर्जीने 4 घेऊन बसू शकत नाही. मात्र 421503 च्या हद्दीत एकाच नावाच्या दोन इमारती असल्या तर त्या वेगळ्या करणे पिनचे काम नाही. तिथे खालच्या पायरीचे नाव लागते.

सी भाषेत नामविश्वाची सोय मुळातच नव्हती, म्हणून लेखकांनी नावांना उपसर्ग लावायला सुरुवात केली. लिबपीएनजी या लायब्ररीतील फंक्शनांची नावे ‘पीएनजी_’ ने सुरू होतात, जीटीकेची ‘जीटीके_’ ने. काम चालते, पण उपसर्ग भाषेला समजत नाही. तो दर वेळी पूर्ण लिहावा लागतो, गाळता येत नाही आणि उद्या दुसऱ्या कोणी तोच घेतला तर भाषा काही करू शकत नाही. सी++ ने 1998 च्या प्रमाणित आवृत्तीत नामविश्व हा घटकच आणला आणि दोन अपूर्णविराम (::) हे चिन्ह क्लासच्या सदस्यांसाठी व नामविश्वासाठी एकच ठेवले.

चिन्हाची निवड क्षुल्लक वाटते, तशी ती नाही. पर्लमध्ये सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह (') विभाजक होते. इंग्रजी मजकुरात हे चिन्ह मालकी दाखवायला नेहमी येते. त्यामुळे मजकुरात चलाच्या नावानंतर ते लिहून पुढे ‘एस’ जोडला की पर्ल त्याला वेगळ्याच नामविश्वातले चल समजत असे आणि त्या जागी काहीच छापले जात नसे. पर्ल 5 मध्ये (1994) :: हे चिन्ह आले. पीएचपीची अडचण उलटी होती: :: आधीच क्लासच्या स्थिर फंक्शनांसाठी खर्ची पडले होते. तेच पुन्हा वापरले असते तर एकच ओळ नामविश्वातल्या फंक्शनला लागू पडते की क्लासमधल्या, हे ठरवता आले नसते. म्हणून 2009 च्या 5.3 आवृत्तीत उलटी तिरकी रेघ (\) घेतली गेली. अर्थाची संदिग्धता गेली, पण दुहेरी अवतरणांतल्या मजकुरात हीच रेघ ‘एन’पूर्वी आली तर नवी ओळ आणि ‘टी’पूर्वी आली तर टॅब असा अर्थ होतो. त्यामुळे तिथे नामविश्वाचे नाव लिहिताना रेघ दोनदा द्यावी लागते. हा सौदा मला योग्य वाटतो: संदिग्ध व्याकरणापेक्षा ओबडधोबड चिन्ह बरे.

वरचे नाव कोणी द्यायचे, या प्रश्नाला जावाने (1996) दिलेले उत्तर सर्वांत दूरदृष्टीचे आहे. आधीच कोणाच्या तरी मालकीचे असलेले इंटरनेटवरचे डोमेन उलटे लिहायचे, म्हणजे देश आधी, संस्था नंतर, प्रकल्प शेवटी. नवे कार्यालय नको, नवी नोंदणी नको. महाराष्ट्र शासनाच्या डोमेनवरून ‘इन.गव्ह.महाराष्ट्र’ असे पॅकेज तयार होते. मात्र अँड्रॉइडची अॅपे ज्या कोटलिन भाषेत लिहितात, तिच्यात ‘इन’ हा राखीव शब्द आहे. भारतीय डोमेनवर बेतलेले पॅकेज तिथे लिहायचे तर पहिला घटक उलट्या अवतरणचिन्हांत कोंडावा लागतो. राखीव शब्द निवडताना देशांचे संकेत डोळ्यांसमोर ठेवले असते तर भारतीय प्रोग्रॅमरांचा हा रोजचा त्रास वाचला असता.

सपाट नामविश्व, म्हणजे ‘जो आधी येईल त्याचे नाव’, ही पद्धत सोपी असते, पण तिचा भार पुढे वापरणाऱ्यांवर पडतो. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारात 2016 मध्ये ‘किक’ या नावावरून एक लेखक आणि त्याच नावाची कंपनी यांच्यात वाद झाला. भांडाराने नाव कंपनीला दिले. लेखकाने 22 मार्च रोजी स्वतःची सगळी मोड्यूल काढून घेतली, आणि त्यांतले जेमतेम 11 ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ नाहीसे होताच जगभरचे प्रकल्प उभे राहीनात. ‘@’ लावून मालकाचे नाव आधी लिहिण्याची सोय तोवर तिथे आली होती, पण ती ऐच्छिक होती. फेब्रुवारी 2021 मध्ये अॅलेक्स बिरसान या संशोधकाने याच दोषाची गंभीर बाजू दाखवली: कंपन्यांच्या खासगी पॅकेजांची नावे सार्वजनिक भांडारात नोंदवली, तर त्यांची यंत्रणा आपले सोडून बाहेरचे पॅकेज उचलते. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. नावाचा गोंधळ इथे सुरक्षेचा प्रश्न झाला.

पायथॉन शिकणाऱ्याला हा गोंधळ पहिल्या आठवड्यातच भेटतो. सरावाच्या फाइलला ‘रँडम’ नाव दिले की भाषेचे स्वतःचे रँडम मोड्यूल झाकले जाते, कारण शोध चालवलेल्या फाइलच्या फोल्डरपासून सुरू होतो. 2024 च्या 3.13 आवृत्तीपासून पायथॉन अशा वेळी फाइलचे नाव बदलण्याची सूचना देते.

मराठीत या रचनेचा सर्वांत जुळलेला नमुना मराठी विकिपीडियावर (स्थापना 1 मे 2003) दिसतो. ‘सदस्य:’, ‘चर्चा:’, ‘साचा:’, ‘वर्ग:’ ही तिथली नामविश्वे. आत मात्र ती क्रमांकांनी ओळखली जातात: लेख 0, चर्चा 1, सदस्य 2, साचा 10, वर्ग 14. विषयाच्या पानाला सम आकडा, त्याच्या चर्चेला पुढचा विषम. ओळख आकड्यात आणि नाव भाषेत ठेवल्यामुळे ‘वर्ग:’ लिहा किंवा त्याचे इंग्रजी रूप, पान तेच उघडते. शिवाय अपूर्णविरामाआधीचा शब्द ओळखीचा असेल तरच त्याला नामविश्व मानले जाते.

ही शेवटची अट मराठीसाठी मोलाची आहे, कारण आपल्याकडे विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करण्याची सवय सार्वत्रिक आहे. ‘दु:ख’ असे शीर्षक विकिपीडियावर निभावते, कारण ‘दु’ नावाचे नामविश्व नाही. पायथॉन देवनागरी नावे घेते, पण तिथे फंक्शनच्या आत ‘दु:ख = 1’ लिहिले तर चूक दाखवली जात नाही; ‘दु’ नावाचे चल तयार होते आणि ‘ख’ हे त्याच्या प्रकाराचे वर्णन समजले जाते.

दुसरी अडचण ‘ऱ्य’ची. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ हे अक्षर घेऊन, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला दोन वेगळी नावे वाटतात, आणि युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. पायथॉन दुसरे रूप नावात घेतच नाही. हे रूप घेऊ पाहणाऱ्या भाषेने तुलना करण्यापूर्वी ते ऱच्या रूपात बदलून घ्यावे, आणि विसर्गाजागी आलेल्या अपूर्णविरामाबद्दल कंपायलरने इशारा द्यावा.