कारक विकासातील विलंब

बाळाने मान धरणे, पालथे पडणे, बसणे, चालणे हे टप्पे अपेक्षित वयात न गाठणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ मधील, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात निरोगी बाळे साधारण ४ ते ९ महिन्यांदरम्यान आधाराविना बसली, ८ ते १८ महिन्यांदरम्यान एकटी चालली. काही तर रांगलीच नाहीत. म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना निरर्थक. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरतात. चौथ्या महिन्यानंतरही मान न धरणे, अंग ताठ किंवा लुळे असणे, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर, आलेले कौशल्य हरवणे ही मात्र काळजीची लक्षणे होत. कारणे अनेक : सेरेब्रल पाल्सी, स्नायुविकार, मुडदूस, थायरॉइडची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शेवटची दोन वेळीच ओळखल्यास औषधाने सुधारणा होते; पांगुळगाड्याने काही साधत नाही. वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावात पहिली विचारणा अंगणवाडी किंवा आशा सेविकेकडे होते. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत तपासणी करून बाळाला पुढील उपचारांसाठी पाठवतात. फिजिओथेरपीसाठी पक्क्या निदानाची वाट पाहावी लागत नाही.