पेशव्यांचं कर्ज आणि माझे तीन रुपये

माझा मेहुणा फ्रान्समध्ये नोकरीला आहे, आणि तो तिथे सुखात आहे हे आम्ही विसरू नये म्हणून दर सुट्टीला फोटो पाठवतो. गेल्या वर्षी त्याने ल्वार नदीच्या काठाने सायकलवरून केलेल्या सहलीचे फोटो पाठवले. नदी संथ, रस्ता सपाट, बाजूला द्राक्षांचे मळे आणि थोडं थोडं गेलं की एकेक राजवाडा. त्यातला शांबोरचा राजवाडा पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये बांधायला काढला. चारशेच्या वर खोल्या! आणि एवढा खटाटोप करून महाराज तिथे उभ्या कारकिर्दीत राहिले ते मोजके काही आठवडे. ज्या पुणेकरांनी लोणावळ्याला बंगला घेऊन ठेवला आहे, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

फोटो पाहून ही म्हणाली, “नाहीतर तुम्ही! रविवारी सोफ्यावरून उठायला सुद्धा तुम्हाला दोन हाका लागतात.”

मला राग आला. मी म्हटलं, “आपल्याकडे काय कमी आहे? नदी आहे, सपाट रस्ता आहे, आणि इतिहास तर इतका आहे की पुणेकराच्या घरात तो मावत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगतो. येत्या रविवारी मी सायकलवरून थेऊरला जाणार!”

रागाच्या भरात माणूस अंतर मोजत नाही. नगर रस्त्याने वाघोली, तिथून केसनंदवरून थेऊर आणि परत येताना लोणी, हडपसर. सगळं मिळून पन्नासेक किलोमीटर. पण शब्द तोंडातून गेला होता आणि आमच्याकडे दिलेला शब्द परत घेण्याची स्लिप मिळत नाही.

सायकल घरात होती. चिरंजीवांनी हट्टाने घ्यायला लावलेली, एकवीस गिअरची, जाड टायरची. दुकानदार तिला माउंटन बाईक म्हणाला होता. डोंगर चढायला जन्मलेल्या त्या सायकलने आमच्याकडे फक्त दुसऱ्या मजल्याची गॅलरी गाठली. चिरंजीवांनी ती आठ दिवस चालवली आणि पुढची दोन वर्षं तिच्यावर टॉवेल वाळले. मी तिच्यावरची धूळ पुसली, हवा भरली आणि रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. ही दारात उभी राहून म्हणाली, “फोन चालू ठेवा.” पानिपतला निघालेल्या भाऊसाहेबांनाही इतक्या काळजीने कुणी निरोप दिला नसेल.

पुणं म्हणजे एकेकाळी सायकलींचं शहर. घरटी सायकल, कचेऱ्यांपुढे सायकलींच्या रांगा, आणि रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाणाऱ्यांसाठी चौकात दबा धरून बसलेला पोलीस. ज्यांच्याकडे सायकल नसे त्यांच्यासाठी पेठेपेठेत तासावर भाड्याने देणारी दुकानं होती. बंडगार्डनच्या पुलाशी पोचलो आणि त्यातल्या एका दुकानाची मला नको तितकी आठवण झाली.

सांगूनच टाकतो. १९९१ सालचा मे महिना. मी सहावीची परीक्षा दिलेला. नारायण पेठेतल्या एका दुकानातून मी एक हिरवी सायकल तासाला एक रुपया या दराने घेतली आणि थेट बंडगार्डन गाठलं. तिथे मागचं चाक बसलं. खिशात होता एकच रुपया. तो मी तहानेच्या भरात बर्फाच्या गोळ्यावर घालवला आणि सायकल ढकलत परत आलो. एकूण तीन तास झाले. दुकानातले काका आत चहा पीत होते. मी सायकल रांगेत लावली आणि पळालो. त्या दिवसापासून चौतीस वर्षं मी त्या गल्लीने गेलेलो नाही. आमचा सगळा गोतावळा पेठेत, त्यामुळे प्रत्येक लग्नामुंजीला मी अर्धा किलोमीटर वळसा घालून पोचतो. गंमत अशी, की पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि आज माझ्या टेबलावर थकलेल्या हप्त्यांच्या नोटिसा काढायचं काम आहे! रोज पंचवीस-तीस लोकांना मी लिहितो, ‘आपण त्वरित येऊन खाते नियमित करावे.’

पुलावरून पुढे निघालो तर डाव्या हाताला आगाखान पॅलेस आला. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधलेला. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथे आणून ठेवलं. त्यांच्याबरोबर आलेले महादेवभाई देसाई सहाव्या दिवशीच गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. दोघांच्याही समाध्या इथेच आहेत. इथे विनोद करू नये एवढं मला कळतं. मी हँडलवरचा एक हात काढून नमस्कार केला, तेवढ्यात मागून पाण्याचा टँकर आला आणि मी सायकलीसकट कडेच्या मातीत गेलो. ल्वारच्या काठाला ही सोय नसावी.

वाघोलीला वाघेश्वराचं देऊळ आहे आणि थोरल्या बाजीरावांचे विश्वासू सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधी आहे. तिथे मी चहा आणि दोन वडे घेतले आणि पिलाजीरावांच्या फौजेला इथून पुढे बसायला घोडा होता, हे मनात नोंदवून ठेवलं. केसनंद सोडलं आणि मग मात्र खरोखर फ्रान्स सुरू झालं. दोन्हीकडे ऊस, मधून पाण्याचा पाट, रस्त्याला गर्दी नाही. मुळा-मुठा ओलांडली आणि थेऊर आलं.

थेऊर म्हणजे अष्टविनायकांतला चिंतामणी. देवळाचा लाकडी सभामंडप थोरल्या माधवरावांनी बांधला. आमच्या पिढीला हे माधवराव भेटतात ते रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तून, आणि भेटले की डोळे पुसूनच सोडतात. मी सभामंडपातल्या एका खांबाला टेकलो आणि त्यांच्याकडे प्रथमच बँकवाल्याच्या नजरेने पाहिलं.

१७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. जूनमध्ये नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. पेशवाईची वस्त्रं आली ती सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर. आमचे चिरंजीव सोळाव्या वर्षी स्वतःचा टॉवेल सुद्धा वाळत घालत नव्हते. सायकलवर आम्ही घालायचो. या मुलाच्या वाट्याला राज्याबरोबर काय आलं? मोडलेली फौज, कुरापती काढणारे चुलते राघोबादादा, तिकडे निजाम, इकडे हैदर आणि या सगळ्यांपेक्षा चिवट असं कर्ज. लढाई म्हणजे घोडे, घोडे म्हणजे चंदी आणि चंदी म्हणजे सावकार. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सुद्धा सावकारांच्या तगाद्याचं रडगाणं आहे. दिल्लीला धडक मारणारा माणूस, पण सावकार दारात आला की त्याचीही झोप उडायची.

माधवरावांनी १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवलं, हैदरवर एकामागून एक स्वाऱ्या केल्या, आणि १७७२ च्या जानेवारीत मराठ्यांनी शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवलं. पानिपतची मोड अकरा वर्षांत भरून काढली! आणि त्याच वर्षी क्षयाने खंगलेले माधवराव थेऊरला चिंतामणीच्या पायाशी येऊन राहिले. जाण्याआधी त्यांनी एक नऊ कलमांची यादी करवून घेतली. त्यात आईला काशीयात्रा घडावी हे आहे, राघोबादादांची सोय लावून द्यावी हे सुद्धा आहे. आणि त्यात एक कलम आहे ते कर्ज फेडण्याचं.

मी खांबाला टेकलो होतो तो सरळ बसलो. दिल्लीपासून तुंगभद्रेपर्यंत ज्याचा शब्द चालायचा, त्याला नोटीस काढायची कुठल्या सावकाराची छाती होती? त्याने गल्ली बदलली असती तर कोण विचारणार होतं? पण अंगात ताप, वय सत्तावीस, आणि मनात एकच, की कुणाचं राहून जाऊ नये. १८ नोव्हेंबर १७७२ ला ते गेले. ग्रँट डफने या एका मृत्यूची तुलना पानिपतच्या घावाशी केली आहे. रमाबाई सती गेल्या. त्यांचं स्मारक नदीकाठी आहे. मी तिथे बराच वेळ उभा होतो. ती प्रथा गेली हे उत्तमच झालं; पण त्या पाण्यापुढे उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही.

परतीच्या वाटेवर लोणी कधी आलं आणि हडपसर कधी गेलं, मला कळलं नाही. मी तोंडी हिशेब करत होतो. तीन रुपये, दसादशे दहा, चक्रवाढ, वर्षं चौतीस. बरोबर ७६ रुपये ६४ पैसे. दुपारी दोनला, मांड्या लाकडासारख्या झालेल्या अवस्थेत, मी चौतीस वर्षांनी त्या गल्लीत शिरलो.

दुकान होतं. पण आता तिथे मोबाईलची कव्हरं टांगलेली होती आणि आत एक तरुण मुलगा होता. बाहेर खुर्चीत काका बसले होते; केस पांढरे, नजर तीच. मी सगळं सांगितलं आणि शंभराची नोट पुढे केली.

काकांनी चष्मा लावला. “एक्क्याण्णव साल? हिरवी सायकल?”

“हो काका.”

“ती तूच होय!” काकांनी नोट उजेडात धरून पाहिली आणि खिशात घातली. “हे भाडं आणि व्याज झालं. पंक्चरचं काय?”

“वरचे तेवीस रुपये छत्तीस पैसे त्यात धरा,” मी म्हणालो.

काकांनी जरा विचार केला, मान हलवली आणि मुलाला दोन चहा सांगायला लावले. चहा आला तेव्हा मी पैसे काढू लागलो.

“राहू दे,” काका म्हणाले.

“नको काका. परत बाकी नको.”

काकांनी निमूटपणे वीस रुपये घेतले. नारायण पेठेत याहून जास्त आग्रह करायची पद्धत नाही.