प्रवाळद्वीपें आणि मुंबईचें आरमार

पोवळें म्हटलें कीं आपणांस सोनाराची पेटी, नाहीं तर मंगळाची अंगठी आठवते. तें पोवळें बहुधा भूमध्य समुद्रांतलें. आज मी बोलणार आहें तें त्याच्या भाऊबंदांविषयीं, म्हणजे उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत चुन्याचीं घरें बांधून अखेर बेटें उभीं करणाऱ्या प्रवाळांविषयीं. आणि त्यांच्या शास्त्राच्या आरंभीं मुंबईचा जो हात लागला त्याविषयीं.

१८३० च्या मार्चमध्यें मुंबईस बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझकडे निघाली. विलायतेचें टपाल लवकर पोंचावें हा हेतु. परंतु तांबड्या समुद्रांत प्रवाळाचे खडक पाण्याखालीं दडलेले. म्हणून १८२९ पासूनच मुंबईच्या आरमारानें त्या समुद्राची मोजणी आरंभिली होती. तींत कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी हा प्रमुख होता. पुढें १८३४ ते १८३६ या काळांत त्यानें मालदीव बेटें मोजलीं, व १८३७ त चागोस. मालदीवांत तापानें त्याचीं माणसें आजारी पडलीं, तरी काम थांबलें नाहीं. त्याचे दोन अधिकारी तेथील लोकांची भाषा व रीतिभाती शिकण्याकरितां माले येथें राहिले. त्यांचा वृत्तांत मुंबईच्या भूगोल मंडळानें छापला.

त्या काळीं खोली मोजण्याची रीत साधी होती. दोरीला शिशाचें वजन बांधून सोडावयाचें आणि वांवांत मोजावयाचें. वजनाच्या तळाला चरबी लावलेली असे. जिवंत प्रवाळ असेल तर चरबीवर त्याचे ठसे उमटत. वाळू असेल तर ती चिकटून वर येई.

१८३६ च्या एप्रिलांत चार्लस् डार्विन कोकोस बेटांवर उतरला, तेव्हां त्याच्या कप्तानानेंही हीच युक्ति योजिली. बेट हळूहळू खचतें, प्रवाळ वर वर बांधीत जातें, आणि शेवटीं मधलें बेट बुडून नुसतें कंकण उरतें, असें डार्विननें प्रतिपादिलें. (वर्गांत हें फळ्यावर तीन आकृतींत दाखवितां येतें, आणि मुलांना तें फार आवडतें.) परंतु असलीं कंकणें त्यानें स्वतः थोडींच पाहिलीं होतीं. १८४२ च्या त्याच्या ग्रंथांत मालदीव व चागोस यांविषयींचा आधार मोर्सबीचे नकाशे व त्यानें कळविलेली माहिती हा होता. १९५२ सालीं पॅसिफिकमधील एनिवेटोक येथें भोंक पाडलें, तेव्हां १,२०० मीटरांहून अधिक खोलीवर ज्वालामुखीचा खडक लागला; डार्विनचा तर्क खरा ठरला.

डार्विनचें नांव शाळकरी मुलांस ठाऊक असतें, मोर्सबीचें क्वचित् कोणास. दोरी सोडणाऱ्यांचें तर कोणासच नाहीं. मुंबईच्या आरमारांत कोंकणांतले व घोघ्याकडचे खलाशी असत. हा हिशेब मला अपुरा वाटतो.

खुद्द कोंकणच्या प्रवाळांकडे लक्ष मात्र फार उशिरां गेलें. पावसाळ्यांत नद्यांचा गाळ समुद्रांत येतो, गढूळ पाण्यांत प्रवाळ वाढत नाहीं, ही समजूत आड आली असावी. १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. १९७६ पासून तिच्यापाशीं ‘गवेषणी’ हें संशोधनाचें जहाज आलें. आणि १९७९ सालीं कासिम व वाफर या शास्त्रज्ञांनीं पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणीं जिवंत प्रवाळ असल्याचें प्रसिद्ध केलें. विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटरांवर भर समुद्रांत बुडालेलें एक पठार आहे; त्याच्या माथ्यावर सुमारें २० मीटर पाणी आणि खालीं प्रवाळ. त्याचें नांव आंग्रिया, म्हणजे आपले कान्होजी आंग्रे. मुंबईचें आरमार ज्यांच्याशीं पिढीभर लढलें, त्यांचेंच नांव इंग्रजी सागरी नकाशांत राहिलें!

आमच्या उचगांवाहून सह्याद्रि उतरून मालवणास गेलें कीं सिंधुदुर्गाच्या तटाभोंवतींही प्रवाळ आहे. लक्षद्वीपांत १९९८ सालीं समुद्र तापून प्रवाळ पांढरें पडलें व पुष्कळसें मेलें. २०१० व २०१६ सालींही तोच प्रसंग आला. म्हणून मालवणच्या थोड्याशा प्रवाळालाही आज मोल आहे. १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य जाहीर झालें. पण त्याच पाण्यांत गाबीत व कोळी मंडळींचीं जाळीं पिढ्यान्‌पिढ्या पडत आलीं आहेत. आपणांस न विचारतां रेघ आंखली गेली, ही त्यांची तक्रार; आणि ज्या माशांवर त्यांचें पोट चालतें, त्यांतले कित्येक मासे लहानपणीं आसरा घेतात तो त्याच प्रवाळाच्या कपारींत.