विडंबनाला गंभीर चेहरा लागतो : ‘डेट मूव्ही’ची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, नट चांगले असूनही सिनेमा वाईट कसा होतो? आज एकच उदाहरण घेऊ. २००६ सालचा अमेरिकन सिनेमा ‘डेट मूव्ही’. प्रेमकथांच्या विनोदी सिनेमांचं, म्हणजे रोमँटिक कॉमेडीचं, हे विडंबन. पैशाच्या हिशेबात तो पडला नाही. सुमारे २ कोटी डॉलर खर्च करून त्यानं जगभरात ८ कोटींच्या वर कमावले. तो पडला विनोदात.

का पडला, हे कळायला थोडं मागं जाऊ. सुरुवात आपल्या घरातून. १९२५ साली आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुले’ काढलं. रविकिरण मंडळाची हळवी प्रेमकविता हे त्यांचं एक मोठं लक्ष्य. पण बघा, अत्र्यांनी कवितेचा थाट मोडला नाही. वृत्त तेच, भारदस्तपणा तोच, आतला विषय तेवढा क्षुल्लक. या दोन्हींच्या मधल्या फटीतून हसू येतं.

हॉलिवूडमधली चांगली विडंबनं हेच करतात. मेल ब्रुक्सनं १९७४ साली ‘यंग फ्रँकेनस्टाइन’ केला, तो कृष्णधवल केला आणि १९३१च्या मूळ ‘फ्रँकेनस्टाइन’मधली प्रयोगशाळेची यंत्रं शोधून वापरली. १९८०च्या ‘एअरप्लेन!’मध्ये झकर बंधू आणि जिम एब्रहम्स यांनी १९५७च्या ‘झीरो अवर!’ या गंभीर विमानपटाचे चक्क हक्क विकत घेतले. नट कोण घेतले? रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्ह्‌ज, लेस्ली नील्सन. विनोदी नट म्हणून यांना कोणी ओळखत नव्हतं. नील्सन तर ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. चेहऱ्यावरची रेषही न हलवता हे लोक वेड्यासारखं बोलतात, म्हणून आपण हसतो.

आता ‘डेट मूव्ही’कडे येऊ. लेखक जेसन फ्रीडबर्ग आणि ॲरन सेल्टझर, दिग्दर्शनावर नाव सेल्टझर यांचं. २००० सालच्या ‘स्केअरी मूव्ही’च्या श्रेयनामावलीत सहा लेखक होते, त्यातले हे दोघं. ‘सहा लेखकांपैकी दोघांचा सिनेमा’ अशीच त्याची जाहिरात केली गेली. माझ्या मते सिनेमातला सगळ्यात बरा विनोद तोच!

पण कलाकार बघा. नायिका ॲलिसन हॅनिगन, ‘अमेरिकन पाय’मुळे घराघरात पोचलेली. नायकाचे आईवडील जेनिफर कूलिज आणि फ्रेड विलर्ड. हे दोघं ख्रिस्टोफर गेस्ट यांच्या २०००च्या ‘बेस्ट इन शो’मध्ये होते. तिथं नटांना प्रसंगाचा आराखडा मिळायचा आणि संवाद आयत्या वेळी सुचतील तसे बोलायचे. विलर्ड कुत्र्यांच्या स्पर्धेचं समालोचन करतो आणि त्याला कुत्र्यांतलं ओ की ठो कळत नाही. कूलिज आपलं आणि म्हाताऱ्या नवऱ्याचं किती जमतं हे सांगताना सांगते की दोघांनाही सूप आवडतं. अगदी मनापासून सांगते!

‘डेट मूव्ही’त या दोघांना काम काय? ‘मीट द फॉकर्स’मधल्या बार्बरा स्ट्राइसँड आणि डस्टिन हॉफमन यांची नक्कल. मुळात तो सिनेमाच विनोदी. हॉफमन आणि स्ट्राइसँड आधीच अतिशयोक्ती करत होते. अतिशयोक्तीची अतिशयोक्ती करून काय हाती लागणार? गंभीर चेहराच नाही, मग फट कुठून येणार? उरतं फक्त ‘हे कुठं पाहिलंय ते ओळखा’. ‘हिच’ ओळखा, ‘ब्रिजेट जोन्स’ ओळखा. ओळखणं म्हणजे हसणं नव्हे.

माझी खरी तक्रार मात्र पुढं आहे. रोमँटिक कॉमेडीत एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगितली जाते : बाईनं रूप बदललं की प्रेम मिळतं. विडंबनाला यापेक्षा चांगलं लक्ष्य कोणतं? इथं हॅनिगनला जाड दाखवणारा पोशाख चढवतात, तिच्या देहावर हसतात, मग मोटार गॅरेजात टाकावी तशी तिला ‘दुरुस्त’ करून बारीक बाहेर काढतात. म्हणजे ज्या खोटेपणाची टर उडवायची, तोच पुन्हा विकला.

रोमँटिक कॉमेडीचं विडंबन होतच नाही, असं नाही. २०१४ साली डेव्हिड वेन यांनी ‘दे केम टुगेदर’ केला. पॉल रड आणि एमी पोलर जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या जोडप्याला आपली प्रेमकहाणी सांगतात. तिचं छोटं गोळ्या-चॉकलेटचं दुकान, तो तिला गिळू पाहणाऱ्या बड्या कंपनीत. एखादा विशिष्ट सिनेमा नव्हे, तो साचाच इथं पकडलाय. आणि दोघंही सगळं खरं मानून बोलतात.

पण पैसा ‘डेट मूव्ही’नं मिळवला होता. त्यामुळे त्याच जोडीचे ‘एपिक मूव्ही’, ‘मीट द स्पार्टन्स’, ‘डिझॅस्टर मूव्ही’ २००८ संपायच्या आत येऊन गेले. विलर्ड २०२० साली गेले. कूलिजला ‘द व्हाइट लोटस’साठी २०२२ साली एमी मिळालं, तेही एका दुःखी, एकाकी बाईच्या भूमिकेसाठी. तिथंही ती हसवते, कारण त्या बाईचं दुःख तिनं खरं मानलंय. तेव्हा त्या श्रोत्याला माझं उत्तर एवढंच : नट तेच होते, खरं मानावं असं काही त्यांच्या हाती दिलंच नव्हतं.

इथं थांबतो.