आनंदामाइडची कुळकथा

अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढले गेले, कोकाच्या पानांतून कोकेन १८६०च्या सुमारास. गांजातला मादक रेणू मात्र १९६४ पर्यंत शुद्ध रूपात हाती लागला नाही. कारण अफू आणि कोकाची द्रव्ये आम्लाशी संयोग पावून स्फटिकरूपात खाली बसतात. गांजाची द्रव्ये तेलकट आणि एकमेकांत मिसळलेली. प्रयत्न फार आधी सुरू झाले होते. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्यात प्राण्यांना आणि धनुर्वाताच्या रुग्णांना गांजाचा अर्क देऊन बारकाईने नोंदी केल्या. पण दोन अर्कांची ताकद सारखी असेलच याची खात्री नव्हती, म्हणून वागण्यातल्या बदलाचे नेमके कारणही सांगता येत नव्हते. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी पोलिसांनी जप्त केलेल्या चरसातून टीएचसी हा मादक रेणू वेगळा केला, तेव्हा कुठे या संशोधनाला पक्का पाया मिळाला.

तरीही हा तेलकट रेणू पेशींच्या स्निग्ध आवरणात नुसता विरघळून गुंगी आणतो, असे पुढची कित्येक वर्षे अनेकांना वाटे. १९८८ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथे अॅलिन हाउलेट आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम डिवेन यांनी उंदरांच्या मेंदूत टीएचसीसारख्या द्रव्यांना धरणारे ग्राहक दाखवून दिले. मग प्रश्न उभा राहिला: वनस्पतीच्या रेणूसाठी मेंदू ग्राहक कशाला बाळगेल? डिवेन जेरुसलेमला मेशुलामांकडे गेले आणि १९९२ मध्ये लुमीर हानुश यांच्यासह डुकराच्या मेंदूतून त्यांनी शरीराचाच रेणू शोधला. संस्कृत ‘आनंद’वरून त्याला आनंदामाइड म्हटले गेले. या कुळातले रेणू नेमके काय करतात, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. संदेश घेणारी चेतापेशी ते गरजेपुरते तयार करून पाठवणाऱ्या पेशीकडे उलटे धाडते आणि येणारे संदेश आवरते.

शरीर स्वतःच असे द्रव्य बनवते, मग गांजा निरुपद्रवी नाही का, असा युक्तिवाद नेहमी होतो. मला तो पटत नाही. आनंदामाइड जिथे हवे तिथेच बनते आणि विकर ते काही मिनिटांत मोडते. टीएचसी सगळ्या ग्राहकांवर एकदम पसरते आणि तासन्‌तास राहते. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये हे ग्राहक दाट आहेत, म्हणून नशेत ताजी आठवण टिकत नाही. श्वास चालवणाऱ्या मेंदूस्तंभात ते विरळ आहेत, म्हणून अफूच्या अतिमात्रेसारखा श्वास थांबत नाही. पण जीव वाचतो एवढ्यावरून मेंदूला इजा होत नाही, असे ठरत नाही. वाढत्या वयातल्या मेंदूबाबत तर नाहीच. उलट, हे ग्राहकच बंद केले तर बरे, असे मानणेही चूक ठरले. त्यांना अडवणारे रिमोनाबांट हे औषध लठ्ठपणासाठी युरोपात २००६ मध्ये मंजूर झाले. नैराश्य आणि आत्महत्येचा धोका दिसल्यावर २००८ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली.