चौकडा

विजयदुर्गच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत एक गोधडी आहे. वरचा थर निरनिराळ्या सुती लुगड्यांचा, आणि मधोमध हातभर लांबीचा एक तुकडा लाल-पांढऱ्या चौकोनांचा. मे महिन्यात ती उन्हात घातली तेव्हा मुंबईहून आलेली भाची म्हणाली, "मावशी, हे चेक्स काय सुंदर आहेत!" अंगणात सोलां परतत बसलेल्या आत्यानं मान वर केली. "चेक्स खयचे? चौकडो तो. ह्यां माझ्या आवशीचां लुगडां."

एकाच कापडाला एकाच अंगणात दोन नावं मिळाली. त्या दिवसापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

चौकडा, मालवणीत चौकडो, हा घरचाच शब्द. संस्कृतात 'चतुष्क' म्हणजे चारांचा समूह. प्राकृतात त्याचं 'चउक्क' झालं आणि मराठीत 'चौक'. चार रस्ते मिळतात तो चौक, चारी बाजूंनी सोपे असलेल्या वाड्याच्या मधली मोकळी जागा तोही चौक. चौघांची चौकडी. दाराची चौकट मात्र जरा वेगळ्या वाटेनं आली. ती 'चतुष्काष्ठ', म्हणजे चार लाकडं. दोन उभी, दोन आडवी. कोकणातल्या जुन्या घराची भिंत पडली तरी फणसाची चौकट उभी असते, तेव्हा त्या शब्दातलं लाकूड डोळ्यांना दिसतं. पत्त्यांतल्या लाल चौकोनालाही आपण चौकटच म्हणतो. इतका मोठा गोतावळा असलेला शब्द समजावून सांगावा लागत नाही. ज्याला चारपर्यंत मोजता येतं त्याला तो कळतो.

चेक्सचा प्रवास फार लांबचा आहे. त्याच्या मुळाशी फारसी 'शाह' आहे, राजा. बुद्धिबळात समोरच्या राजावर चाल आली की खेळणारा 'शाह' म्हणून सावध करायचा. खेळ इराणातून अरबांकडे आणि त्यांच्याकडून युरोपात गेला, तसा हा शब्दही गेला. जुन्या फ्रेंचमध्ये तो 'एशेक' झाला, इंग्रजीत 'चेक'. आधी ती राजावरची चाल होती, मग त्यावरून पटाला नाव पडलं, आणि मग पटासारखे चौकोन असलेल्या कापडाला. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना मोजायला एक मोठं मेज असे. त्यावर चौकोन आखलेलं कापड पसरायचं आणि त्या घरांत सोंगट्या सरकवून जमाखर्चाची बेरीज मांडायची. त्या कापडावरून खजिन्याच्या कचेरीलाच 'एक्स्चेकर' म्हणू लागले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर' आहे. बँकेत आपण फाडतो तो चेकही याच कुळातला.

आणि आपल्याकडे? बुद्धिबळ खेळताना आपण 'शह' देतो तो हाच 'शाह'. म्हणजे शह, बँकेचा चेक आणि शर्टाचे चेक्स ही एकाच आजोबांची नातवंडं. एक जमिनीच्या वाटेनं लवकर घरी आलं, बाकीची युरोपला वळसा घालून उशिरा पोचली.

इथे मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट सांगते. इंग्रजांनी खेळाच्या पटावरून कापडाला नाव दिलं. आपण कापडावरून खेळाला दिलं होतं. 'पट' म्हणजे मुळात वस्त्र. सोंगट्यांचा पट खरोखरच कापडाचा असायचा. चार पंखांचा, भरतकाम केलेला, खेळ संपला की घडी करून ठेवण्याजोगा. पुढे बुद्धिबळाच्या लाकडी फळीलाही आपण पटच म्हणत राहिलो. कापडावर चित्र काढलं म्हणून चित्रपट. तो शब्द सिनेमाच्या पडद्यासाठी तयारच होता. शाळेचा हजेरीपट, पटावरची मुलं. कोकणातल्या शाळांचा पट घटला अशी बातमी वाचते तेव्हा त्या वाक्यातही विणलेलं वस्त्र असतं, आणि ते विरताना दिसतं. मराठीत कापड हे इतक्या गोष्टींचं मूळ आहे.

आमच्या खाडीकाठी बाहेरचे शब्द यायला तोटा नव्हता. विजयदुर्ग म्हणजे जुनं घेरिया. आंग्र्यांचं आणि पुढे पेशव्यांकडच्या धुळपांचं आरमार इथल्या वाघोटण खाडीत नांगरून असायचं. १७५६च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथे जाळलं, तेव्हा लाकडाबरोबर किती वार शिडाचं कापड गेलं असेल! समुद्राच्या वाटेनं शब्द आले तसे गेलेही. मुंबईच्या डोंगरी भागावरून एका जाड्याभरड्या सुती कापडाला 'डोंगरी' म्हणत. ते इंग्रज व्यापाऱ्यांच्या वह्यांत शिरलं, खलाशांच्या अंगावर चढलं आणि 'डंगरी' होऊन परत आलं. आज लहान मुलांना आपण डंगरी घालतो आणि मुंबईतली डोंगरी त्यात कुणाला ऐकू येत नाही. पोर्तुगिजांकडून आपण इस्त्री घेतली, फीत घेतली आणि काज घेतलं. काज म्हणजे त्यांचं 'कासा', म्हणजे घर. बटण जिथे राहायला जातं ते घर. आपल्या शिंप्यांनी नुसता शब्द उचलला, पण कल्पना आपल्याला नवी नव्हतीच. बुद्धिबळाच्या पटावर आपल्याकडेही ६४ 'घरं'च असतात.

घर हा शब्द मला पुन्हा भेटला तो मागावर.

आमच्या गावात माग नाही. विणणं म्हणजे जाळं विणणं, तेही आता बहुतेक तयार नायलॉनचं येतं आणि घरी फक्त सांधलं जातं. त्यामुळे हातमागावर मी बसले ती चाळिशी उलटल्यावर, गावापासून लांब, एका शिकवणीत. शिकवणारे पिढीजात विणकर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, साधं कापड कुणीही विणेल, चौकडा विणा म्हणजे हात कळेल. ताणा, म्हणजे उभे धागे, त्यांनीच भरून ठेवला होता. २४ लाल, २४ पांढरे, पुन्हा २४ लाल. माझ्याकडे दोन धोटे, एकात लाल कांडी, एकात पांढरी. बाणा, म्हणजे आडवे धागे, मी घालायचा, तितकाच मोजून.

सोपं वाटतं. पहिली वीतभर वीण बघून ते म्हणाले, "ही घरं बसकी झाली. दोन सूत कमी." फणी मी जास्त जोरानं ठोकत होते. आडवे धागे दाटीनं बसले की २४ धाग्यांची उंची कमी भरते आणि चौकोनाचा आयत होतो. मग हात हलका केला, तर घरं उभट झाली आणि कापड जाळीसारखं विरळ. इंचाला जितके उभे धागे तितकेच आडवे बसले तरच चौकोन चौकोनी होतो. ते प्रमाण हाताला कळायला मला तीन आठवडे लागले. आणखी एक खूण त्यांनी दिली. एका रंगाचे आडवे धागे नेहमी सम संख्येनं घालायचे. म्हणजे धोटा ज्या काठाकडून निघाला त्याच काठाला परत येतो आणि पुढच्या वेळी हाताशी सापडतो. २३वर थांबलात तर लाल धोटा पलीकडे अडकून बसतो. मी बसले आहे २३वर थांबून, आणि सगळं उसवलं आहे.

'दोन सूत' म्हणाले ते सुताराच्या मापानं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार हा शब्दच मुळी 'सूत्रधार', दोरी धरणारा. लाकडावर ओळंब्याची नि आखणीची दोरी धरतो तो सुतार, आणि आमच्या दशावतारात पडद्यापुढे आधी उभा राहतो तोही सूत्रधार. एकाच दोरीची दोन टोकं. 'तंत्र'ही असंच. तन् म्हणजे ताणणं. ज्यावर धागे ताणले जातात तो माग हा तंत्राचा फार जुना अर्थ. अथर्ववेदाच्या स्कंभसूक्तात दोन युवती आळीपाळीनं येऊन सहा खुंट्यांवर तंत्र विणतात असं वर्णन आहे. आज तंत्रज्ञान म्हटलं की यंत्र आठवतं, माग कुणाला आठवत नाही.

पण मला सांगायचं आहे ते चौथ्या आठवड्यात दिसलं त्याबद्दल. कापड नीट चौकोनी येऊ लागलं तेव्हा मी पहिल्यांदा रंगांकडे पाहिलं. लाल ताण्यावर लाल बाणा आला की घर भरगच्च लाल. पांढऱ्यावर पांढरा आला की शुभ्र. आणि लालवर पांढरा किंवा पांढऱ्यावर लाल आला की गुलाबी. एक लाल घर, एक पांढरं आणि दोन गुलाबी. एवढं झालं की नमुना पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे या कापडाचा सगळ्यात लहान पुरा तुकडा चार घरांचा आहे. दोन घरांत तो पुरा होत नाही.

चौकडा शब्दातले चार ते कोणते, असं विचारलं तर बहुतेक जण चौकोनाच्या चार बाजू दाखवतील. चुकीचं नाही. मला मात्र मागावर बसल्यापासून त्यात ही चार घरं दिसतात, आणि हे वाचन मला सोडवत नाही. बुद्धिबळाच्या पटावर दोनच रंग असतात. त्याच्या फळीवर गुलाबी घर नाही, कारण तिथे काहीच कशात मिसळलेलं नाही. चेक्स हा शब्द त्या फळीवरून आला, म्हणून तो या कापडाला पुरा पडत नाही. त्यात लाल दिसतो, पांढरा दिसतो, मिसळण सुटून जाते. चौकडा म्हटलं की चारही घरं मोजली जातात. आत्याचा शब्द जास्त अचूक आहे.

पलीकडे गोव्यात कुणबी बायका गुडघ्याच्या जरा खाली येईल असं आखूड कापड नेसत, खांद्यावर गाठ मारून. तेही असंच लाल-पांढऱ्या चौकड्याचं, हातमागावरचं. कोंकणीत साडीला 'कापड'च म्हणतात. मराठीत जो शब्द सगळ्या वस्त्रांना पुरतो तो त्यांनी एका वस्त्रासाठी राखून ठेवला. हे विणणं जवळजवळ थांबलं होतं. वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्या वस्त्ररचनाकारानं २०१०च्या सुमारास ते पुन्हा मागावर आणायची खटपट केली, आणि आता कुणबी साडी म्हणून ती दुकानांत दिसते. २०२०मध्ये ते गेले, कापड राहिलं. दुकानातल्या चिठ्ठीवर 'रेड चेक्स' लिहिलेलं असतं तेवढं मला खटकतं.

आत्याला मी विचारलं, तुझ्या आईच्या लुगड्यांची आणखी नावं आठवतात का. तिला चार आठवली, पाचव्याशी अडली. ती चारही मी कागदावर लिहून, ज्या त्या ठिगळाला टाचणीनं लावून गोधडी पुन्हा ट्रंकेत ठेवली आहे. तुमच्याही घरी अशी एखादी गोधडी असेल. गणपतीला गावी जाल तेव्हा ती बाहेर काढा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा, एकेका तुकड्यावर बोट ठेवून नाव विचारा आणि ती म्हणेल तसंच, तिच्याच बोलीत, लिहून घ्या.